कंपनीच्या जागी टॉवर येण्याआधी

शेजारची कंपनी बंद पडली की सोसायटीत एकच चर्चा होते, आता इथे काय येणार? उत्तरही सगळ्यांना ठाऊक असते. आधी यंत्रे भंगारात जातात, मग छपराचे पत्रे उतरतात, दोन-तीन पावसाळे जमीन गवताखाली पडून राहते आणि एके दिवशी रस्त्याकडेने उंच पत्रे ठोकले जातात. त्यावर तलावकाठी बसलेल्या हसऱ्या कुटुंबाचे चित्र लागते. पाणी कुठून येणार, रस्ता कुठे आहे, असे प्रश्न लोक त्या दिवशी विचारू लागतात. तोवर नकाशे मंजूर झालेले असतात आणि नगरसेवकाकडे नेलेल्या निवेदनाचा उपयोग त्याच्यासोबत फोटो काढण्यापुरता होतो. प्रश्न विचारण्याची खरी वेळ कंपनी बंद पडणे आणि पत्रे ठोकणे यांच्या मधली असते. त्या काळात शेजाऱ्यांनी आणि पुढे तिथे घर घेणाऱ्यांनी काय काय तपासायचे, ते इथे सांगतो.

उदाहरण ठाण्याचे घेऊ. १ ऑगस्ट १९६२ रोजी एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत म्हणजे वागळे इस्टेट. पोखरण रोड, कोलशेत, बाळकुम, माजिवडे या भागांत खासगी जमिनींवरही कापड, औषधे, रंग, रसायने यांचे मोठे कारखाने उभे राहिले. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्यांतले बरेचसे गेले. रेमंडच्या जेकेग्राममध्ये आता टॉवर आहेत. कोलशेतची क्लॅरियंटची आणि बायरची जमीन गृहप्रकल्पांकडे गेली. ग्लॅक्सोच्या कारखान्याची सुमारे ६० एकर जमीन २०१७ मध्ये ५५५ कोटी रुपयांना एका बांधकाम कंपनीने घेतली. एकरी सव्वानऊ कोटी मोजून घेतलेल्या जमिनीवर कोणी पुन्हा गोळ्या-औषधे बनवणार नाही, हे उघड आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. शहराच्या मध्यावर, स्टेशनपासून चार-पाच किलोमीटरवर असलेल्या बंद कारखान्याच्या जागी दाट वस्ती होण्यात गैर काही नाही. शिळफाट्यापलीकडे शेते बुजवून इमारती बांधण्यापेक्षा ते बरे. ‘टॉवर नको’ ही मागणी टिकत नाही आणि ती करणारे बहुतेकदा स्वतः वीस वर्षांपूर्वीच्या टॉवरमध्येच राहत असतात. भांडायचे असेल तर त्या जमिनीतून शहराला काय मिळणार, यासाठी भांडावे.

परवानगी कोणत्या वाटेने आली?

औद्योगिक जमीन निवासी होण्याच्या वाटा प्रामुख्याने तीन आहेत आणि नागरिकांना दर वाटेवर सारखा अधिकार नाही. इथेच बहुतेकांची फसगत होते.

पहिली वाट विकास आराखड्याची. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे शहराचा आराखडा वीस वर्षांतून किमान एकदा सुधारावा लागतो. प्रारूप आराखडा कलम २६ खाली प्रसिद्ध होतो, त्यावर हरकती-सूचना मागवतात आणि नियोजन समिती हरकतदारांना सुनावणी देते. ठाण्याचा आधीचा आराखडा १९९९ चा. सुधारित प्रारूप २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आले. नकाशावर औद्योगिक पट्ट्याचा जांभळा रंग जाऊन निवासीचा पिवळा आला का, आणि त्या पिवळ्यात शाळा, मैदान, रस्ता यांचे आरक्षण पडले का, हे पाहण्याची ही सर्वांत मोठी संधी. ती वीस वर्षांतून एकदा येते आणि काही आठवड्यांत संपते.

दुसरी वाट कलम ३७ ची, म्हणजे मंजूर आराखड्यातला किरकोळ फेरबदल. ‘किरकोळ’ या शब्दावर जाऊ नका, त्यात काही एकरांचा झोनही बदलतो. महापालिकेला त्याची सूचना राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते आणि हरकतींसाठी एक महिन्याची मुदत द्यावी लागते. बाधित व्यक्तींना नोटीस आणि सुनावणीही कायद्यात आहे. सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपात, सर्व्हे नंबरांच्या रांगेत येते. आपल्या सोसायटीचा आणि शेजारच्या कंपनीचा सर्व्हे नंबर पाठ नसेल तर ती समोर असूनही दिसणार नाही.

तिसरी वाट सर्वांत वापरातली आणि सर्वांत शांत. बिल्डर आणि आर्किटेक्ट तिला ‘आय टू आर’ म्हणतात. डिसेंबर २०२० पासून मुंबई महापालिका आणि एमआयडीसी क्षेत्रासारखे काही अपवाद सोडून राज्यभर एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. तिच्यात औद्योगिक झोनमधल्या जमिनीवर काही अटींनी निवासी किंवा व्यापारी वापराची परवानगी देण्याचा अधिकार थेट प्राधिकरणाला, म्हणजे महापालिकेत आयुक्तांना, दिलेला आहे. आराखड्यातला रंग बदलायची गरज नाही, म्हणून जाहीर सूचना नाही, हरकतीही नाहीत. मुंबईच्या नियमावलीतही अशी तरतूद पूर्वीपासून आहे. तेव्हा ‘आम्हाला कळवले का नाही?’ असे विचारत महापालिकेत गेलात, तर कळवण्याचे बंधनच नव्हते असे उत्तर मिळू शकते, आणि ते खरे असते.

मग करायचे काय? नियमाला अटी आहेत, त्या धरायच्या. ठरावीक प्रमाणात जमीन नागरी सुविधांसाठी सोडावी लागते. शेजारी चालू उद्योग असेल तर विहित अंतर निवासी प्रकल्पाने आपल्या जमिनीतूनच ठेवावे लागते. बंद कारखान्याच्या बाबतीत कामगारांची कायदेशीर देणी दिली किंवा समाधानकारक तडजोड झाली, असे कामगार आयुक्तांचे ना-हरकत पत्र लागते. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा: आयुक्तांचा परवानगी आदेश, मंजूर अभिन्यास म्हणजे लेआउटचा नकाशा आणि कामगार आयुक्तांचे पत्र, अशा तीन गोष्टींच्या प्रती मागा. उत्तराची मुदत तीस दिवस. अर्जात ‘का’, ‘कसे’ असे प्रश्न टाकू नका; त्यांना ‘माहिती या व्याख्येत बसत नाही’ असे उत्तर येते.

अटींच्या एका ओळीने काय होते, ते मुंबईच्या गिरण्यांनी दाखवून दिले आहे. १९९१ च्या नियमावलीत गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी आणि उरलेला मालकाला अशी वाटणी होती. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. गिरण्यांच्या आवारात शेडच शेड, मोकळी जागा किती असणार? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जुन्या अर्थाच्या बाजूने निकाल दिला, पण २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्तीच कायम केली. परळ-लोअर परळला मैदाने का मिळाली नाहीत, याचे उत्तर त्या एका दुरुस्तीत आहे.

सुविधा भूखंड: खरी लढाई इथे

नगररचनेच्या भाषेत अमेनिटी स्पेस, बोलीत नुसते ‘अमेनिटी’. शेजाऱ्यांच्या दृष्टीने अख्ख्या प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा तुकडा हाच, आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. बिल्डरच्या माहितीपत्रकातल्या ‘अमेनिटीज’ वेगळ्या. तो स्विमिंग पूल आणि क्लब हाउस त्या सोसायटीचे. मी म्हणतो तो भूखंड महापालिकेच्या नावावर जायचा असतो आणि तिथे शाळा, दवाखाना, बाग, अग्निशमन केंद्र असे काही व्हायचे असते. तो फुकट दिला जातो असे समजून बिल्डरचे उपकार मानायचे कारण नाही. त्याच्या बदल्यात त्याला बांधकामाचे हक्क मिळू शकतात.

कागदावर क्षेत्रफळ बरोबर असते. घोटाळा होतो तो जागेत. लेआउटच्या नकाशावर भूखंड नाल्याकाठी आहे का, उच्चदाब वाहिनीच्या खाली आहे का, लांब चिंचोळी पट्टी आहे का, त्याला सार्वजनिक रस्ता आहे की सोसायटीच्या फाटकातूनच जावे लागते, हे नीट पाहा. शेवटचा मुद्दा सर्वांत घातक. फाटकाआडचा महापालिकेचा भूखंड पाच वर्षांत सोसायटीचे पार्किंग होतो आणि मग त्याला हात लावायची हिंमत कोणी करत नाही.

चांगले उदाहरणही ठाण्यातच आहे. कोलशेतला २०२४ मध्ये उघडलेले साडेवीस एकरांचे ग्रँड सेंट्रल पार्क जुन्या कारखान्याच्या जमिनीवरच्या प्रकल्पातून महापालिकेकडे आलेल्या भूखंडावर उभे आहे. तिकिटाच्या दरावरून वाद घालता येईल, पण एवढी सलग मोकळी जागा शहराला दुसऱ्या कोणत्या मार्गाने मिळाली नसती.

भूखंड मिळाला की त्याचा पाठपुरावा करावा लागतो. ताबा पावती झाली का? मालमत्ता पत्रकावर महापालिकेचे नाव लागले का? कुंपण आणि पाटी आहे का? पहिल्या इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्राआधी ताबा द्यावा, अशी मागणी लेखी करा. शेवटच्या टप्प्यावर ढकललेला ताबा कधी येईल याचा भरवसा नसतो.

आणखी एक मागणी लोक करायची विसरतात: आरपार रस्ता. दहा-वीस एकरांच्या कारखान्याने पन्नास वर्षे मागच्या आणि पुढच्या वस्त्या तोडलेल्या असतात, त्याच्या भिंतीला वळसा घालून शाळेत जाण्याची मुलांना सवय झालेली असते. ती भिंत पडते तेव्हाच मधून सार्वजनिक रस्ता नेता येतो. एकदा तिथे पोडियम आणि तळघर झाले की वळसा कायमचा.

हरकत लिहावी कशी

हरकतीत आकडे हवेत आणि ते काढायला तज्ज्ञ लागत नाही. एक हेक्टर निव्वळ भूखंड धरा, म्हणजे सुमारे अडीच एकर. यूडीसीपीआरमध्ये ठाण्यासारख्या महापालिकेत ३० मीटर किंवा जास्त रुंद रस्त्यालगत मूळ एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) १.१, अधिमूल्य भरून ०.५ आणि टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) १.४, असे मिळून ३ पर्यंत जाता येते. निवासी बांधकामाला त्यावर ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र मिळते. हिशेब ४८,००० चौरस मीटर बांधकामाचा होतो. एका घरामागे जिने-लिफ्टसकट ८० चौरस मीटर धरले तर ६०० घरे, घरटी चार माणसे म्हणजे २,४०० माणसे. माणशी रोज १३५ लिटर या सरकारी मापाने ३ लाख २४ हजार लिटर पाणी लागते आणि त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. तीस एकरांचे आवार असेल तर सगळ्याला बाराने गुणा: २८-२९ हजार माणसे, म्हणजे एक छोटे तालुक्याचे गाव. रस्ता अरुंद असेल तर एफएसआय उतरतो, म्हणून समोरच्या रस्त्याची रुंदी नकाशात किती दाखवली आहे आणि जागेवर किती आहे, दोन्ही मोजा. हे मोजमाप हरकतीतला सर्वांत धारदार पुरावा ठरू शकते.

पाण्याचा मुद्दा पोकळ नाही. ठाणे महापालिकेला स्वतःच्या योजनेखेरीज स्टेम, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्याकडूनही पाणी घ्यावे लागते. घोडबंदर रोड परिसरात पाण्याच्या टंचाईवरून २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांवर काही काळ रोख लावला होता.

पत्र एका पानाचे असावे. वर सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर, आराखड्यातील सेक्टर, मग एक हरकत आणि तिच्याखाली एक ठोस मागणी: ‘सुविधा भूखंड उत्तरेकडील नाल्यालगत न ठेवता पूर्वेच्या विकास योजना रस्त्याला लागून, शक्यतो चौरस आकारात ठेवावा.’ सोबत खुणा केलेला नकाशा जोडा. ‘मला सुनावणीची संधी मिळावी’ ही ओळ लिहा. आवक शिक्का मारलेली पोच घ्या. एकच मजकूर छापून पाचशे सह्या गोळा करण्यात लोकांना उत्साह वाटतो, पण अशा हरकती एका ओळीत निकाली काढता येतात. त्यापेक्षा पाच सोसायट्यांनी पाच वेगळ्या मुद्द्यांची पत्रे द्यावीत: एकीने शाळा, दुसरीने रस्ता, तिसरीने झाडे. जुन्या कारखान्यांच्या आवारात पन्नास वर्षांची झाडे असतात आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर एवढ्या वयाच्या झाडांना कायद्याने प्राचीन वृक्षांचा दर्जा आहे.

पर्यावरण मंजुरीच्या वेळी बोलू, असे म्हणून थांबू नका. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या बांधकामाला ती लागते, पण बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. कागदपत्रे मात्र ‘परिवेश’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर वाचता येतात आणि पाणी कुठून घेणार, वाहतूक किती वाढणार, हे त्यांत बिल्डरने स्वतःच लिहून दिलेले असते. पुढे वाद झाला तर त्याचेच शब्द कामी येतात.

तिथे घर घेणार असाल तर

इथे प्रश्न बदलतात. नमुना फ्लॅट पाहण्याआधी त्या जमिनीवर काय बनत होते ते विचारा. बिस्किटे बनत असतील तर फारशी चिंता नाही. रंग, रसायने, कीटकनाशके, बॅटऱ्या किंवा इलेक्ट्रोप्लेटिंग असेल तर जमिनीत शिसे, क्रोमियम, द्रावके उतरलेली असू शकतात. जमिनीखालच्या फर्नेस ऑइलच्या टाक्या, ट्रान्सफॉर्मरचे जुने तेल, ॲस्बेस्टॉसचे फुटके पत्रे हेही तिथेच असते. कंपनीला प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेले शेवटचे संमतीपत्र मिळवा. त्यात उत्पादने आणि घातक कचऱ्याचे प्रकार नोंदलेले असतात. बिल्डरकडे माती आणि भूजलाचा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल मागा आणि तळघरासाठी खोदलेली माती कुठे नेली तेही विचारा. सेल्स ऑफिसमधल्या मुलाला यातले काही ठाऊक नसेल. प्रश्न ईमेलवर पाठवा, म्हणजे तो वर जाईल. बोअरवेलचे पाणी बागेपलीकडे वापरणार असतील तर अहवालाशिवाय पुढे जाऊ नका. जुलै २०२५ मध्ये केंद्राने प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे वेगळे नियम काढले असून संशयित जागा शोधून तपासण्याची पद्धत त्यांत घालून दिली आहे. शंका असेल तर प्रदूषण मंडळाला लेखी कळवता येते.

मग जमिनीचा इतिहास. सातबाऱ्यावर इतर हक्कांत नागरी जमीन कमाल धारणा कायद्याची नोंद आहे का ते वकिलाला पाहायला सांगा. १९७६ च्या या कायद्याच्या कलम २० खाली कारखान्यांना ‘उद्योगासाठीच वापर’ अशा अटींवर जादा जमीन ठेवायची सूट मिळाली होती. राज्यात हा कायदा २००७ मध्ये रद्द झाला, पण त्या सुटींच्या अटी आपोआप संपल्या नाहीत. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानेही तसेच म्हटले. २०१९ पासून एकरकमी अधिमूल्य भरून त्या उठवता येतात. ते भरल्याचा आदेश पाहिल्याशिवाय ‘टायटल क्लिअर आहे’ या वाक्याला अर्थ नाही. एमआयडीसीचा भूखंड असेल तर जमीन साधारण ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते. किती वर्षे उरली आणि निवासी वापराला एमआयडीसीची परवानगी आहे का, ते तपासा.

कामगारांच्या देण्यांचा प्रश्न तुम्हाला परका वाटेल, पण तो तुमच्या दारापर्यंत येतो. तडजोडीच्या आधारावर परवानगी दिली असेल, तर देणी बाकी नसल्याचा कामगार आयुक्तांचा दाखला येईपर्यंत भोगवटा प्रमाणपत्र मिळू नये, असा नियम आहे. हप्ते सुरू, घरभाडेही सुरू आणि ओसी अडकलेली, ही अवस्था टाळायची असेल तर तो दाखला आजच मागा. ज्यांनी तिथे तीस वर्षे पाळ्या केल्या, त्यांचे पैसे मिळाले की नाही हे विचारणे तसेही आपले काम आहे.

शेजारी अजून गाळे, वर्कशॉप चालू असतील तर दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा जाऊन या. तो लघुउद्योजक तुमच्या आधीपासून तिथे आहे आणि मधले अंतर सोडण्याची जबाबदारी तुमच्या प्रकल्पाची होती. राहायला गेल्यावर त्याच्या प्रेसच्या आवाजाविरुद्ध तक्रारी करत बसण्यापेक्षा लेआउटवर ते अंतर कुठे दाखवले आहे आणि आपली इमारत त्याच्या किती जवळ आहे, हे आधी पाहा.

महारेराच्या संकेतस्थळाबद्दल वेगळे सांगायला नको. प्रारंभ प्रमाणपत्र किती मजल्यांचे आहे तेवढे मात्र तपासा; जाहिरातीत चाळीस मजले आणि प्रमाणपत्रात जोते, असे दिसते. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डर घेऊ शकत नाही, हे लक्षात असू द्या.

हे सगळे एकट्याने करायचे काम नाही. सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सभेत विषयपत्रिकेवर एक विषय घ्या आणि एका सभासदाला नेमा. महिन्यातून एकदा त्याने महापालिकेच्या संकेतस्थळावरचा नगररचना विभाग आणि राजपत्र चाळावे, पाचशे मीटरच्या आतल्या औद्योगिक भूखंडांचे सर्व्हे नंबर वहीत लिहून ठेवावेत आणि एखाद्या कंपनीचे फाटक बंद झाल्याचे कळताच त्याच आठवड्यात माहिती अधिकाराचा पहिला अर्ज टाकावा.